मावशी काही चघळत नाहीये

मावशी मेथी निवडतेय. तिच्या तोंडाकडे बघा. ओठ सारखे मिटतात उघडतात, जबडा आडवा फिरतो, मधेच जिभेचं टोक बाहेर येऊन आत जातं. एका लग्नात एका बाईंनी सरळ विचारलं, तुम्ही तंबाखू खाता का? तेव्हापासून मावशी लग्नाकार्याला येत नाही.

तोंडात काहीही नाहीये. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात, टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारं. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास होतात त्या मानसिक आजाराच्या, गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींना हे होतं, वय जास्त असेल तर धोका अजून वाढतो. या गोळ्या मेंदूतल्या डोपामाइन या निरोप नेणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, आणि खूप काळ अडवलं की ते निरोप घेणारे तिथले रिसेप्टर जास्तच संवेदनशील होतात असं मानलं जातं, मग स्नायू आपोआप हलायला लागतात, माणसाला ते थांबवता येत नाही.

यातलं पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन, 1952 मधे पॅरिसमधे मानसिक रुग्णांना द्यायला लागले आणि कितीतरी लोक हॉस्पिटलमधून घरी जाऊ शकले, हे विसरून चालणार नाही. पण 1957 मधेच तोंडाच्या या हालचालींची नोंद झाली होती.

आमची चूक सांगते. घाबरून आम्ही मावशीची गोळी एकदम बंद केली, डॉक्टरांना न विचारता. थोड्याच दिवसांत तिला परत आवाज ऐकू यायला लागले, रात्र रात्र जागी, आणि तोंड अजून जोरात चालायला लागलं. ते दिवस आठवले तरी पोटात गोळा येतो. असं कुणीही करू नका. डोस कमी करायचा, औषध बदलायचं की टेट्राबेनाझिनसारखी गोळी जोडायची, ते डॉक्टरच ठरवतील. अमेरिकेत 2017 मधे खास यासाठी दोन औषधांना मंजुरी मिळाली, व्हॅलबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन.

आणि हो, ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमधे लेव्होसल्पिराइड असतं, उलटीच्या काही गोळ्यांत मेटोक्लोप्रमाइड, त्यानेही हे होऊ शकतं, मेडिकलमधून आपल्या मनाने आणून महिनोन्महिने घेऊ नका.

तपासताना डॉक्टर आधी तोंडात काही आहे का विचारतात, मग अंगठा एकेका बोटाला पटापट टेकवायला लावतात, कारण हात कामात असले की तोंडाची हालचाल जास्त दिसते. मेथी निवडताना दिसतेय तशी. झोपेत मात्र सगळं शांत होतं. मी दर तीन महिन्यांनी असं एक मिनिट मोबाइलवर शूट करते, मावशीला विचारून, आणि डॉक्टर आधीच्या क्लिपशेजारी लावून बघतात. सुरुवातीला बघितलंत ते त्यातलंच.