रुमालाचा कोपरा

श्रोतेहो, नमस्कार.

गेली काही वर्षं मी रोबोटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत काम करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेते आहे. एवढ्या गप्पांतून एक गोष्ट मला पक्की कळली आहे, ती आधीच सांगून टाकते. या माणसांना 'पुढे काय होणार' असं विचारू नये. 'आज काय अडलंय' असं विचारावं. पुन्हा सांगते: आज काय अडलंय?

'पुढे काय होणार' याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. शंभर वेळा दिलेलं असतं, त्यामुळे ते गुळगुळीत झालेलं असतं. 'आज काय अडलंय' म्हटलं की माणूस खुर्चीत पुढे सरकतो, आवाज बदलतो, हात बोलायला लागतात. मग तासभर बघायला नको.

आता थोडी पार्श्वभूमी. १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू नावाच्या संगणकानं जगज्जेता बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवलं. हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्या पटावर मोहरे कोण हलवत होतं? माणूस. संगणक चाल सांगायचा आणि समोर बसलेला अभियंता ती खेळायचा. २०१६ च्या मार्चमध्ये सोल शहरात अल्फागो या संगणक प्रोग्रॅमनं गो या पटावरच्या खेळात नामवंत खेळाडू ली सेडोलला ४-१ असं हरवलं. तिथेही पटावर सोंगट्या ठेवत होते ते अजा हुआंग, अल्फागो घडवणाऱ्या चमूतलेच संशोधक. आता, सोंगटी उचलणारा यांत्रिक हात बनवता आला नसता असं मी म्हणत नाही. पण तो बनवायची कोणाला गरज वाटली नाही, कारण माणसाचा हात समोर होता आणि तो चुकत नव्हता.

हान्स मोराव्हेक या रोबोतज्ज्ञांनी १९८८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. मोठ्या माणसांच्या बुद्धीच्या परीक्षेत संगणक उतरवणं त्या मानानं सोपं आहे, पण वर्षभराच्या बाळाचं बघणं आणि हालचाल करणं त्याला शिकवणं महाकठीण. या क्षेत्रातले लोक याला मोराव्हेकचा विरोधाभास म्हणतात. जे आपल्याला अवघड ते यंत्राला सोपं, आणि जे आपल्याला सोपं ते यंत्राला अवघड. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक बोलून घेते. 'यंत्रमानव' हा शब्द मला पटत नाही. शब्द म्हणून देखणा आहे, घडवणाऱ्याचं कौतुक आहे. पण तो ऐकला की डोळ्यांसमोर दोन पायांवर चालणारा धातूचा माणूस उभा राहतो. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मोटारींच्या कारखान्यात कामाला लागलेला युनिमेट, कारखान्यातला पहिला रोबो, हा नुसता एक हात होता. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचा. त्याला डोकं नाही, पाय नाहीत, तोंड नाही. 'मानव' म्हटलं की आपण त्याच्याकडून मानवाची अपेक्षा करतो आणि मुलाखतीतले प्रश्नही तसेच विचारतो. म्हणून मी साधं 'रोबो' म्हणते.

तर आता रुमालाची गोष्ट.

एका प्रयोगशाळेत मी मुलाखतीसाठी गेले होते. बाई रोबोटिक्समधल्या, वीसेक वर्षं याच कामात. त्यांचा विषय कापड. म्हणजे रोबोनं कापड उचलायचं कसं, उलगडायचं कसं, घडी घालायची कशी. हे ऐकून तुम्हाला वाटेल, हा काय विषय झाला? पण कापड हा रोबोचा मोठा वैरी आहे. डबा उचलला तरी डबा डबाच राहतो. कापड उचललं की त्याचा आकार दरवेळी नवा. २०१० मध्ये बर्कली इथल्या विद्यापीठात एका रोबोनं टॉवेलच्या घड्या घालून दाखवल्या होत्या. पन्नासपैकी पन्नास वेळा जमलं. एका टॉवेलला सरासरी चोवीस मिनिटांहून जास्त वेळ लागला. त्यांनी जी चित्रफीत दाखवली ती ५० पट वेगानं पळवलेली होती, आणि तसं त्यांनी सांगितलंही होतं. असं सांगणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. रोबोची चित्रफीत पाहताना वेग कितीपट वाढवलाय हे आधी शोधावं, ही माझी तुम्हा सगळ्यांना विनंती.

मी माझ्याबरोबर बारा प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच प्रश्न, 'येत्या दहा वर्षांत घरातली सगळी कामं रोबो करतील का?' बाईंनी कागद मागितला, शांतपणे वाचला, दुमडून परत दिला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे रुमाल आहे?"

होता. पातळ, सुती, निळ्या-पांढऱ्या चौकडीचा.

टेबलावर दोन यांत्रिक हात बसवलेले होते, वर दोन कॅमेरे. हातांच्या टोकाला चिमटे, त्यांना ही मंडळी ग्रिपर म्हणतात. शेजारी एक विद्यार्थी बसला होता आणि त्याचा डावा हात सतत एका लाल बटणाजवळ होता. यंत्र चालू असेपर्यंत तो हात तिथून हलला नाही. पेनही त्यानं उजव्याच हातानं उचललं, टोपण दातानं काढलं. ते बटण दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं.

आधी त्यांनी प्रयोगशाळेतला पांढरा टॉवेल ठेवला. हातांनी तो उचलला, गोल फिरवला, कोपरे धरले, टेबलावर पसरला, घडी घातली. तीन मिनिटं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. विद्यार्थ्यानं मान वरसुद्धा केली नाही. त्याचं ते रोजचं होतं.

मग माझा रुमाल.

उजव्या हातानं तो मधोमध चिमटीत धरला, उचलला आणि हळूहळू फिरवायला लागला. पडद्यावर एक हिरवा ठिपका होता. 'मला इथे कोपरा दिसतोय' असं सांगणारा ठिपका. टॉवेलवर तो एका जागी ठरला होता. रुमालावर नुसता उड्या मारायला लागला. या चौकटीवर, त्या चौकटीवर, परत इकडे.

विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, रेघेलाच कोपरा म्हणतोय."

कारण सरळ होतं. त्याला शिकवताना जी हजारो चित्रं दाखवली होती त्यांतली कापडं बहुतेक एकरंगी. जिथे दोन कडा मिळतात तो कोपरा, एवढं तो शिकला होता. चौकडीच्या रुमालावर दोन रेघा जागोजागी मिळतात.

त्यांनी दिव्याची दिशा बदलली. पंखा बंद केला, कारण रुमाल वाऱ्यानं हलत होता. पुन्हा सुरुवात. सातव्या वेळी ठिपका ठरला, डावा हात पुढे आला, चिमटा मिटला, आणि खेचल्याबरोबर कापड उलगडून चिमटा रिकामा. तो कोपरा नव्हताच. लोंबत्या कापडाला पडलेली चुणी होती. चुणीचं टोकही कोपऱ्यासारखंच दिसतं.

"मॅडम, कोपरा गेला."

हे वाक्य माझ्या ध्वनिमुद्रणात अकरा वेळा आहे. मॅडम, कोपरा गेला.

बाराव्या वेळी मला राहवलं नाही. खरा कोपरा मला समोर दिसत होता, अगदी चिमट्याच्या जवळ. माझा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी माझं मनगट धरलं. "यंत्र चालू असताना हात आत नाही घालायचा," त्या म्हणाल्या. ते अगदी बरोबर होतं, त्यात तडजोड नाही. पण मनगट सोडायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमचा हात नेमका कुठे चालला होता? तो कोपरा आहे हे तुम्ही कशावरून ओळखलंत?"

मला सांगता येईना. दिसला, एवढंच.

मग त्यांनी यंत्र थांबवलं, रुमालाचा बोळा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. कोपरा शोधा." मी डोळे मिटले. दोन-तीन सेकंदांत कोपरा माझ्या चिमटीत होता. "आता पुन्हा करा, पण सावकाश. आणि बोटं काय करताहेत ते मला सांगा."

श्रोतेहो, तुम्हीही करून बघा. आत्ता हाताशी रुमाल असेल तर आत्ताच. माझ्या बोटांनी आधी कापड चाचपलं, पातळ, पातळ, पातळ, आणि मग एकदम जाड. ती शिवण. कडेची दुमड. ती जाड कड एकदा दोन बोटांत आली की मी ती सोडली नाही. तिच्यावरून बोटं सरकवत नेली, आणि जिथे शिवण संपून वळली तिथे कोपरा. डोळ्यांचं कामच पडलं नाही.

"हेच," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं आम्ही नेमकं हेच करतोय."

त्यांनी खणातून दुसरे चिमटे काढले. त्यांच्या आतल्या बाजूला मऊ जेलची गादी होती आणि गादीच्या मागे छोटा कॅमेरा. जेलवर काही दाबलं गेलं की तिथे खळगा पडतो आणि कॅमेरा तो खळगा बघतो. स्पर्श असा चित्रात उतरवायचा. ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एडवर्ड एडेल्सन यांच्या प्रयोगशाळेतून आलेली, जेलसाइट नावाची. बाईंनी मला गादीवर अंगठा टेकवायला सांगितलं. पडद्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या, एकेक वेगळी मोजता येईल अशी.

तुलनेसाठी एक आकडा देते. आपल्या एका तळहाताच्या बाजूला, बोटांसकट, स्पर्श ओळखणारे सुमारे १७,००० मज्जातंतू पोचलेले असतात. सतरा हजार. त्यातले सगळ्यात दाट बोटांच्या टोकांशी.

चिमटे बदलले, यंत्र पुन्हा सुरू झालं. आता हात कोपरा शोधत नव्हता, कड शोधत होता. कड सापडली, सरकायला लागला, आणि रुमाल निसटला. घट्ट धरलं तर सरकत नाही, सैल धरलं तर निसटतं. दर वेळी विद्यार्थी वहीत एक ओळ लिहायचा. प्रकाश कसा, पकड किती, कुठे निसटलं. संध्याकाळ झाली. माझे बारा प्रश्न तसेच राहिले होते आणि मला त्यांची आठवणही नव्हती. मी हेडफोन लावून मोटरचा आवाज ऐकत होते. तोवर मला आवाजावरून कळायला लागलं होतं. कड सरकत असली की मोटर एका सुरात चालायची, आणि निसटायच्या आधी सूर किंचित चढायचा.

एकतिसाव्या वेळी सूर चढलाच नाही. हात सरकत सरकत गेला, वळला, थांबला. कोपरा. दुसऱ्या हातानं तिथून पुढची कड धरली, सरकला, थांबला. दुसरा कोपरा. मग दोन्ही हातांनी रुमाल ताणला आणि आपण दोरीवर कपडे घालताना झटकतो ना, तसा एक झटका दिला.

घडी वाकडी पडली, एक टोक बाहेर आलं होतं. बाईंनी रुमाल उचलला नाही. विद्यार्थ्याला एवढंच म्हणाल्या, "वेळ लिही." त्यानं लिहिलं, एकोणीस मिनिटं. पहिल्यांदाच त्याचा डावा हात बटणापासून दूर झाला आणि तो बोटं मोडायला लागला.

माझा वेळ बराचसा रुमालातच गेला. पण अजून एका गप्पांबद्दल थोडक्यात सांगते. चित्रं ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता घडवणाऱ्या एका तज्ज्ञांना मी तोच प्रश्न विचारला, आज काय अडलंय? ते म्हणाले, "नावं." म्हणजे यंत्राला शिकवायच्या चित्रांना बिनचूक नावं देणं. हे काम शेवटी माणसं करतात. संगणकशास्त्रज्ञ फेइ-फेइ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या इमेजनेट या संग्रहात १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रं आहेत, आणि ती निवडायला, लावायला १६७ देशांतली सुमारे पन्नास हजार माणसं राबली. २०१२ मध्ये याच संग्रहावरच्या चित्रं ओळखायच्या स्पर्धेत न्यूरल नेटवर्कनं, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या संगणकीय रचनेनं, बाकीच्यांना मागे टाकलं आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं जोर धरला. शोध लावणाऱ्यांची नावं आपल्याला ऐकू येतात, आणि यायलाच हवीत. पण त्या पन्नास हजारांपैकी कोणाची मुलाखत मी अजून कुठे ऐकलेली नाही. ती मला घ्यायची आहे.

आणि मुलाखती घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक सांगते. संकलन करताना तज्ज्ञांच्या बोलण्यातले थांबे कापू नका. माणूस थांबतो तेव्हा तो विचार करत असतो, आणि तो थांबा ऐकू येतो. रुमालाच्या ध्वनिमुद्रणात सगळ्यात लांब थांबा मी 'कोपरा कशावरून ओळखलात' या प्रश्नानंतर घेतलेला आहे. तो मी जसाच्या तसा ठेवला आहे.

आता त्या दिवसाचा एक तुकडा ऐकवते. वीस-बावीस सेकंदांचा आहे. आधी मोटर ऐकू येईल, एका सुरात. मग ती थांबेल, पुन्हा सुरू होईल, पुन्हा थांबेल. त्यानंतर जो फटकन आवाज येईल तो माझ्या रुमालाचा.