मुकादमाचा आवाज

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. पहाटेचे पावणेसहा. स्वयंपाकघरात एक काकू ओट्याला टेकून उभ्या. चहाचं पातेलं तयार, गॅस बंद. भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर.)

निवेदन:

काकूंनी साडेपाचला गोळी घेतली. चहा सव्वासहाला. मधला पाऊण तास घरात कुणी त्यांच्याशी बोलत नाही, कारण चहा न झालेल्या काकूंशी बोलायची कुणाची हिंमत नाही.

विचारलं तर सांगतात, "मला थायरॉईड आहे."

हे वाक्य सांगलीत कुठंही ऐकू येतं. मंडईत, एसटीत, हळदीकुंकवाला. ऐकणारी लगेच म्हणते, "अगं, मला पण." आता थायरॉईड तर सगळ्यांनाच आहे. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची, वीसेक ग्रॅमची ग्रंथी. ती नसती तर आपण चाललोच नसतो. पण यांना शुगर आहे, त्यांना बीपी आहे, तसा वहिनींना थायरॉईड आहे. भाषेनं एकदा ठरवलं की डॉक्टरांचं काही चालत नाही.

खरा घोळ होतो रिपोर्ट हातात आल्यावर.

(दृश्य: लॅबचा कागद. टीएसएच या ओळीपुढं ठळक अक्षरात 14 आकडा, शेजारी वर जाणारा बाण.)

काकूंचा पहिला रिपोर्ट असाच होता. बाण वर. घरानं अर्थ लावला की थायरॉईड वाढलाय. शेजारणीनं सांगितलं, वाढलाय तर गोळी कशाला, आणखी वाढेल. मग आठ महिने गोळी नाही, कोबी बंद, फ्लॉवर बंद. आठ महिन्यांनी आवाज घोगरा, केस फणीत, पाय जड आणि भर मे महिन्यात अंगावर शाल.

हा आकडा उलटा वाचायचा असतो. कसा, ते उसाच्या फडात उभं राहिलं की पटकन कळतं.

(दृश्य: वाळव्याकडचा उसाचा फड. कोयत्यांचा आवाज. बांधावर उभा मुकादम.)

तोडणी वेगात चालू असली तर मुकादम बांधावर गप्प बसून असतो. टोळी ढिली पडली की त्याचा आवाज चढतो. आणखी ढिली पडली की शेजारच्या फडातसुद्धा ऐकू जातो. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे, ती मुकादम. गळ्यातली थायरॉईड ही टोळी. आणि टीएसएच, म्हणजे पिट्युटरी रक्तातून पाठवते ते हार्मोन, ही मुकादमाची हाक. हाक मोठी झाली, म्हणजे काम वाढलेलं नाही, काम थंडावलंय.

उलटंही घडतं. टोळी कुणाचं न ऐकता सुसाट सुटली की मुकादम गप्पच होतो. टीएसएच जवळजवळ शून्यावर. माणूस भरपूर जेवूनही वाळतो, छाती धडधडते, हात थरथरतात, कधी डोळे पुढं आल्यासारखे दिसतात. याची औषधं वेगळी. त्यातलं कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसा एकदम धरला तर घरगुती काढा करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. हे औषध क्वचित त्या पेशी पाडतं. क्वचितच, पण पाडतं.

काकूंच्या टोळीला काय झालं? बहुतेक वेळा उत्तर असतं, शरीराच्या पहारेकऱ्यांनीच तिला परकं समजून मारलं. हाकारू हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं 1912 साली हा प्रकार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला, म्हणून आजही त्याचंच नाव. यात कोबीचा काही दोष नाही. शिजवलेला कोबी खुशाल खावा. काकूंची आठ महिन्यांची कोबीबंदी पूर्णपणे वाया गेली.

(दृश्य: गणपती पेठेतलं किराणा दुकान. पोत्यात खडेमीठ, फळीवर मिठाच्या पिशव्या.)

मिठाचं मात्र ऐका. आयोडीन कमी पडलं की गळ्याला मोठी गाठ यायची, तिला आपल्याकडे गलगंड म्हणत. 1956 साली आजच्या हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं, काहींना साधं. आयोडीनवाल्या गावांत गलगंड घटत गेला. 1962 साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज घराच्या मिठात आयोडीन किमान 15 पीपीएम, म्हणजे किलोमागे 15 मिलिग्रॅम, असावं असा नियम आहे, आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतं किती, तर 150 मायक्रोग्रॅम. मिठाच्या चिमटीतलाही कण.

म्हणून लोणच्याला खडेमीठ घाला, कुणाची ना नाही. पण हल्ली घरात फक्त सैंधव वापरायची फॅशन आलीय, गुलाबी दिसतं म्हणून. त्यात आयोडीन नावापुरतं. आणि आयोडीनचं मीठ असलं तरी शेगडीशेजारी उघड्या बरणीत ठेवलं तर आयोडीन उडत जातं. पण हेही खरं, की हाशिमोतो एकदा जडला की मीठ बदलून तो परत जात नाही.

(दृश्य: मेडिकल दुकानाचा काउंटर. शंभर गोळ्यांची बाटली.)

आपल्याकडे हार्मोनचा पहिला तज्ज्ञ म्हणजे मेडिकलवाला. दुसरी तज्ज्ञ पार्लरवाली. तिथं विचारले जाणारे प्रश्न आम्ही तीन दिवस ऐकत बसलो.

"दूध-हळद घेऊन गोळी चालते का?" हळद आमच्या गावची शान, पण गोळीबरोबर नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहाआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. नाहीतर दोघी पोटातच एकमेकींना धरून बसतात.

"आठवडा झाला, फरक नाही, डोस वाढवू?" नको. गोळीतलं थायरॉईडचं हार्मोन रक्तात हळू साठतं, निम्मं उतरायलाच सात दिवस लागतात. चिडलेला मुकादम लगेच शांत होत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, त्याआधीचा रिपोर्ट म्हणजे पैसे वाया.

"थायरॉईडनं पंधरा किलो वाढलं हो." इथं काउंटरवर कुणीच खरं बोलत नाही. थायरॉईड मंदावल्यानं वजन वाढतं, पण थोडं, दोन-चार किलो, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. बाकीच्याचा हिशेब भडंगाच्या पुड्याकडे मागावा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांना एक सांगायचं राहून जातं. या गोळ्यांनी थायरॉईडची तपासणीच चुकीची येऊ शकते. रक्त देण्याआधी दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, आणि खातो हे लॅबमध्ये सांगावं.

(दृश्य: संध्याकाळ. कृष्णेकाठची एक तालीम. तांबडी माती. पोरं लंगोट कसतायत. एक मुलगा टी-शर्ट घालूनच दाराशी उभा.)

निवेदन:

आता तो प्रश्न, जो कुणी काउंटरवरही विचारत नाही.

हा मुलगा नववीत. दोन वर्षं नेमानं मातीत उतरला, गेल्या दिवाळीपासून येणं बंद. वस्तादांना वाटलं, अभ्यास असेल. घरी वाटलं, मोबाईलचा नाद. खरं कारण टी-शर्टच्या आत. छातीवर दोन्हीकडे सुपारीएवढी दुखरी गाठ आली, आणि कुणीतरी हसलं.

वयात येणाऱ्या मुलग्यांत हे इतकं सर्रास होतं, की निम्म्याअधिक पोरांना थोडंफार होऊन जातं. याच काळात शरीर पुरुषी हार्मोनबरोबर थोडं इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोनही बनवतं, त्याचा हा परिणाम. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरतं. कुणी हे त्याला दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्याचं एक वर्ष वाचलं असतं.

हा जिल्हा कवठेपिरानच्या पैलवान मारुती मानेंचा. पलीकडे सातारा जिल्ह्यात कराडजवळचं गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव, ज्यांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. इथल्या पोरांना अंगाचं वेड असणारच. त्या वेडाच्या आडून एक इंजेक्शन फिरतं. वस्तादांचा खुराक दूध, बदाम, थंडाई. हा खुराक बाटलीतला, नाव नसलेला.

इथंही तोच मुकादम बसलाय. इंजेक्शनातून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बाहेरून आलं की पिट्युटरी म्हणते, माल आयता येतोय, कशाला हाक द्यायची? हाक थांबली की वृषणातलं काम थांबतं. ते आकसतात, वीर्यातले शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. अंग पहिलवानाचं दिसतं आणि लग्नानंतर दोन वर्षांनी दोघं नवरा-बायको मिरजेला फाइल घेऊन बसलेले असतात. फाइल बहुधा बायकोच्या नावाची. इंजेक्शन बंद केल्यावर बऱ्याच जणांचं गाडं रुळावर येतं, पण महिनोन् महिने लागतात, आणि सगळ्यांचं येतंच असं नाही.

(दृश्य: दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा. प्रत्येकीपुढं तारीख. वरच्या दोन खुणांत मोठं अंतर.)

ही चौकट दुसरीत शिकणाऱ्या, सात वर्षांच्या मुलीची. गेल्या वर्षभरात एकदम उंच झाली, घरात कौतुक. मग आंघोळ घालताना आईच्या हाताला छातीवर एका बाजूला गाठ लागली. एका बाजूला आधी येणं हे नेहमीचंच, त्याची भीती नको. प्रश्न वयाचा.

आज्जी म्हणाली, "बॉयलर कोंबडीनं झालं." हे उत्तर सांगलीत घरोघरी तयार असतं. कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती जातीनं आणि खाद्यानं, एकेकीला हार्मोन टोचत बसणं पोल्ट्रीवाल्याला परवडेल तरी का? मुलीचं वजन फार असेल तर मात्र वयात येणं लवकर सरकतं, हे खरं.

मुलींमध्ये आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरुवात होणं नेहमीचं. आठच्या आत मुलीत, नऊच्या आत मुलग्यात दिसलं तर दाखवायचं. मुलींमध्ये बहुतेकदा कारण सापडत नाही. मुलग्यात ते सापडण्याची शक्यता जास्त, कधी मेंदूत, म्हणून तिथं एमआरआय टाळत नाहीत.

आणि कौतुकाची ती उंची? ती फसवी असते. आज वर्गात सगळ्यांच्या मागे उभी राहणारी ही मुलगी हाडांची टोकं लवकर जुळल्यानं पुढं बुटकी राहू शकते. डाव्या हाताचा एक एक्स-रे काढतात, त्यावरून हाडांचं वय कळतं. वय सात आणि हाडं दहाची, असं असलं तर महिन्याला किंवा तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शन देऊन मुकादमाला पुन्हा झोपवता येतं. योग्य वय झालं की इंजेक्शन थांबवायचं, तो आपला आपण उठतो. प्रत्येकीला हे लागत नाही. पण लागणार का, हे ठरवायला पाळी सुरू व्हायच्या आधी जावं लागतं.

उशिराची गोष्ट वेगळी, तिथं घरं वाट पाहत राहतात. "आमच्यात सगळे उशिराच वाढतात." मुलग्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा खरंही निघतं, तरी चौदा पूर्ण होऊन काहीच बदल नसेल तर तपासावं. मुलीला तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ नाही, पंधरापर्यंत पाळी नाही, तर थांबू नये. दर 2000 ते 2500 मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम असतो. जन्मतःच एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट कमी. पाळीचं लक्षात येतं पंधराव्या वर्षी, पण चौकट आधीच सांगत असते. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वर्षाची वाढ चार सेंटिमीटरच्या खाली गेली तर ती पेन्सिलीची खूण घेऊन डॉक्टरांकडे जा. मुलीचं लग्न ठरेपर्यंत ही गोष्ट झाकून ठेवणारी घरं आम्ही पाहिली. त्यांची नावं इथं येणार नाहीत.

पीसीओडीवर, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन-बिघाडावर, वेगळी फिल्म करावी लागेल. इथं एवढंच, की पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं ती मागंपुढं होतेच, आणि या वयात सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बुडबुडे दिसणंही नेहमीचं. नुसत्या त्या कागदावर पंधरा वर्षांच्या पोरीला आजारी ठरवू नये.

(दृश्य: मिरज स्टेशन. कर्नाटकातून आलेली सकाळची गाडी. हातात फाइली, पाण्याच्या बाटल्या. मग एका प्रसूतिगृहाचा वॉर्ड.)

निवेदन:

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून ही गर्दी अशीच उतरते. निम्मी मराठीत बोलते, निम्मी कानडीत.

हे बाळ तीन दिवसांचं. त्याची आई दिवस राहिल्यावर थायरॉईडची गोळी सोडणार होती, बाळाला बाधेल म्हणून. सोडली नाही हे नशीब. पहिले तीन महिने पोटातलं बाळ याच हार्मोनसाठी पूर्ण आईवर अवलंबून असतं, तेव्हा डोस बंद करायचा नाही, उलट बहुतेकींचा वाढवावा लागतो.

आता बाळाची पाळी. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाची थायरॉईड जन्मतःच काम करत नाही. दिसायला बाळ छान असतं. आईचा साठा काही दिवस पुरतो. नंतर कावीळ रेंगाळते, शी होत नाही, बाळ झोपूनच राहतं. येणारी-जाणारी म्हणते, किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही! ते कौतुक चालू असताना मेंदूच्या वाढीचे दिवस निघून जातात. काकूंचे आठ महिने भरून आले. या बाळाचे भरून येत नाहीत. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी. गोळी तीच, काकूंचीच, कुस्करून आईच्या दुधात.

टाचेला एक टोच, कागदावर रक्ताचे थेंब. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, विचारावी लागते. आणि झाली तरी एक अडचण उरते. रिपोर्ट येतो तोवर बाळ-बाळंतीण माहेरी गेलेली असते, आणि फॉर्मवर नंबर नवऱ्याचा, जो दिवसभर फडात किंवा ट्रकवर असतो.

(दृश्य: टाचेवर कापसाचा बोळा. बाळ जोरात रडतं. सिस्टर फॉर्म भरतायत.)

"माहेर कुठलं, ताई?"

"अथणी."

"मग तिथला नंबर सांगा."

बाळंतिणीला पाठ नाही. कोपऱ्यातली आज्जी कमरेची पिशवी सोडते, चुरगळलेली चिठ्ठी काढते आणि मोठ्यानं वाचायला लागते. "ओंबत्तु... एंटु..."

सिस्टर न अडखळता लिहीत जातात.