पाठीवर लागणारा निकाल

(दृश्य : स्पर्धेच्या मंचामागची जागा. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली.)

परळ-लालबागच्या गिरणगावात शरीरसौष्ठवाची स्पर्धा आहे. पडद्यामागे एक खेळाडू हात फाकवून उभा आहे आणि व्यायामशाळेतला जोडीदार त्याच्या पाठीवर स्पंजनं गडद रंग चढवतोय. दिव्यांच्या झोतात उजळ अंगावरचे कट्स, म्हणजे स्नायूंच्या कोरीव रेषा, पुसट होतात, म्हणून हा रंग. पाठीवर स्वतःचा हात पोहोचत नाही. नजरही नाही. आणि मुरलेले खेळाडू सांगतात, किताब हातचा जातो तो पाठीमुळे.

इथे कोण किती वजन उचलतो, याला गुण नाहीत. 14 सप्टेंबर 1901 रोजी युजेन सँडोनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तेव्हाही नुसता आकार नव्हे, अंगाची प्रमाणबद्धता पाहिली गेली. परीक्षकांत एक शिल्पकार होता, चार्ल्स लॉज. आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयलही. तीच नजर आज 'मुंबई श्री' या शरीरसौष्ठव किताबाच्या मंचासमोर बसलेली असते.

(दृश्य : मंच. खेळाडू पाठमोरे.)

सात सक्तीच्या पोझपैकी दोन पाठमोऱ्या. डबल बायसेप्स, म्हणजे दोन्ही दंड आवळलेली पोझ, मागून दाखवताना एक पाय मागे, चवड्यावर, पोटरी आवळलेली. परीक्षकांची नजर वरून खाली येते : मान, पाठीचे पंख (काखेखालचे रुंद स्नायू), कंबर, नितंब, मांडीची मागची बाजू, पोटरी. समोरून भरदार वाटलेला गडी इथे अर्धा रिकामा निघतो.

कारण साधं आहे. आरशात दिसतं तेच नवशिके घडवतात, छाती आणि दंड. पाठ बघायला दुसरा माणूस लागतो. रोइंग, म्हणजे वजन अंगाकडे ओढायचा पाठीचा व्यायाम, करणाऱ्या मुलाच्या खांद्याच्या फऱ्यावर उस्ताद दोन बोटं ठेवतात : "हातानं ओढू नकोस रे, कोपर मागे ने." बोटांखालचा स्नायू आवळला, की तो रेप, म्हणजे ती एक आवृत्ती, खरा. माझ्या मते ही दोन बोटं जिममधल्या कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा मोलाची आहेत.

(दृश्य : डबा. उकडलेल्या अंड्यांचं पांढरं, चिकन, भात.)

मग कटिंग, म्हणजे स्पर्धेआधी अंगावरची चरबी उतरवणं. बारा-सोळा आठवडे खाणं मोजूनमापून. पुरुषांच्या अंगावरची चरबी बहुधा सगळ्यात शेवटी कमरेवरून उतरते, म्हणजे पुन्हा पाठीवरच. ती घाई मानत नाही. मंचावर उभं राहताना शरीरात जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास चरबी उरते, आणि तिथवर पोहोचायला वेळ अपुरा पडला की काहीजण लघवीच्या गोळ्या घेऊन अंगातलं पाणी काढतात. 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकला आणि त्यानंतर काही तासांतच गेला. पाणी तोडण्याचा अतिरेक त्याच्या जिवावर बेतला.

म्हणून जाणता उस्ताद शेवटच्या आठवड्यात मुलाला पाठमोरा उभा करतो, कमरेवर चिमूट घेऊन बघतो. जाड लागली, तर यंदाची स्पर्धा सोडायला लावतो आणि पुढच्या मोसमात कटिंग महिनाभर आधी सुरू करतो.