मोरूमामांनी फळ्यावर सोडलेलं गणित

बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातलं प्राध्यापकांचं एक घर. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी. वडील विष्णू वासुदेव नारळीकर विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या वर्गात येऊन रँग्लर झालेले आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर काम करणारे. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. मुलं दोन, जयंत (पुढचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर) आणि अनंत. मुलांना मनसोक्त लिहिता यावं, खोडता यावं म्हणून वडिलांनी घराच्या भिंतीवर चक्क फळे बसवून घेतले होते.

जयंतचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. पण तो वाढला बनारसमध्ये, आणि त्याच्या बालपणाची खरी गोष्ट या फळ्यांपाशीच घडली.

आईचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी.ला गणित घेऊन बनारसला शिकायला आले आणि बहिणीकडेच राहिले. मुलांचे ते मोरूमामा. भाच्याला गणिताची गोडी आहे हे त्यांनी हेरलं. मग अधूनमधून फळ्यावर एखादं कोडं किंवा गणित उमटायला लागलं. वर मथळा इंग्रजीत: ‘चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन’. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. शाळकरी मुलाच्या आद्याक्षरांना असा मान!

नियम साधा होता. गणित सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत फळा पुसायचा नाही. शाळेच्या पुस्तकातल्या रीती इथे कामाला येत नसत, रस्ता आपला आपणच शोधायचा. त्याला ना गुण, ना घंटा. जेवायला जाता-येता गणित समोर दिसणार आणि डोक्यात घोळत राहणार. आमच्या मते या मुलाला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी हीच. एखादा प्रश्न चार दिवस सुटला नाही तरी बिघडत नाही, त्याच्यासोबत राहता येतं, हे त्याला फार लवकर कळलं.

पुढचा प्रवास अनेकांना ठाऊक आहे. १९५७ साली बी.एस्सी., मग वडिलांच्याच वाटेनं केंब्रिज, तिथे रँग्लर आणि १९६० मध्ये खगोलशास्त्रासाठी टायसन पदक. संशोधनाला मार्गदर्शक लाभले फ्रेड हॉईल. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असंच आहे, असं मांडणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या तीन जनकांपैकी एक.

आता १९६१ साल बघू. केंब्रिजचेच मार्टिन राईल यांनी आकाशातून रेडिओ लहरी पाठवणाऱ्या स्रोतांची मोजदाद पुढे करून हा सिद्धांत मोडीत निघाल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायचं होतं आणि हॉईल यांना नेमकं दुसरीकडे व्याख्यान होतं. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला पुढे केलं. वय वर्षं बावीस, संशोधनाची जेमतेम सुरुवात, समोर दिग्गजांनी भरलेलं सभागृह. नारळीकर उभे राहिले आणि आपली आकडेमोड त्यांनी शांतपणे मांडली.

तो शांतपणा आयुष्यभर टिकला. १९६५ मध्ये अवकाशात सगळ्या दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या वैश्विक पार्श्वभूमीचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला एक आरंभ होता असं मानणाऱ्या सिद्धांताच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी जुन्या सिद्धांताचं सुधारलेलं रूप मांडलं. पुराव्यांचं पारडं आज महास्फोटाकडे झुकलेलं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण बहुमत झालं म्हणून प्रश्न मिटला, हे त्यांना कधीच पटलं नाही. ते आवाज न चढवता, गणित हातात घेऊन वाद घालत राहिले.

नावाच्या वजनावर काही मिळवायचं नाही, हा त्यांचा आणखी एक हट्ट. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालेला हा माणूस १९७२ मध्ये भारतात परतला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. अक्षरावरूनही कुणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी, त्यांच्या पत्नीनं, आपल्या हातानं लिहून काढली होती. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. परीक्षकांनी फक्त कथा वाचावी, एवढीच नारळीकरांची अपेक्षा.

हीच परीक्षा त्यांनी फलज्योतिषालाही लावली. टीका करण्याआधी चाचणी घेऊ, असं म्हणून. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या: यातली हुशार मुलाची कोणती, ते सांगा. २७ जणांची उत्तरं आली. अचूकतेचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून उत्तरं दिली असती, तर निम्मी बरोबर आली असती.

आता पुण्याचं आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठीय केंद्र बघू. १९८८ मध्ये नारळीकर या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. देशभरातल्या विद्यापीठांमधल्या संशोधकांसाठी ही जागा उभी राहिली आणि शाळकरी मुलांनाही तिथे पहिल्यापासून दार उघडं राहिलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्यानं व्हायची.

व्याख्यान संपलं की सह्यांच्या वह्या घेऊन गर्दी व्हायची. नारळीकर वहीवर सही करायचे नाहीत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न विचार, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल, असं ते मुलांना सांगायचे. मुलांची पत्रं येत राहिली आणि ते उत्तरं लिहीत राहिले.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. सहीसाठी आधी प्रश्न शोधावा लागलेली ती मुलं आता मोठी झाली आहेत. काहींनी ती कार्डं अजून जपून ठेवली असतील. तुमच्याकडे असेल, तर तुमच्या घरातल्या मुलांना नक्की दाखवा. तुम्ही काय विचारलं होतं, तेही सांगा.