कळंबाचा थाई भाऊबंद

कळंबाचं झाड ओळखू येणारे किती जण आहेत इथे? बरेच हात वर झाले, छान. आपल्या पानगळीच्या जंगलात तो असतो, चेंडूसारखी गोल, फिकट पिवळी फुलं येतात. त्याचाच एक भाऊबंद थायलंड, मलेशिया, बोर्निओकडच्या ओलसर, दलदलीच्या रानात वाढतो. थाई लोक त्याला क्राटोम म्हणतात, मलेशियात केतुम. शास्त्रीय नाव मिट्रागायना स्पेसिओसा, कूळ कॉफीचं. दक्षिण थायलंडात रबराच्या मळ्यांतले आणि शेतावरचे मजूर पानाची मधली शीर काढून टाकतात आणि उरलेलं पान चघळतात. थकवा जाणवत नाही, उन्हात काम होतं. जास्त पानं खाल्ली तर उलट गुंगी येते.

त्या पानातला मुख्य अल्कलॉइड (म्हणजे झाडानं बनवलेलं, अंगावर परिणाम करणारं नायट्रोजनयुक्त रसायन) म्हणजे मिट्रागायनिन. एडिंबरामध्ये एलेन फील्ड यांनी १९२१ साली तो वेगळा काढला. त्याची नेमकी रचना क्ष-किरणांनी पक्की व्हायला मात्र १९६४ उजाडलं.

झाड हा रेणू बनवतं कसं, ते मला सगळ्यात मजेदार वाटतं. एका बाजूनं येतो ट्रिप्टोफॅन, आपल्या डाळी-दुधातलं साधं अमिनो आम्ल. त्यापासून ट्रिप्टामिन होतं. दुसऱ्या बाजूला जिरॅनिओल, गुलाबाच्या वासातला एक घटक. त्यावर बरेच संस्कार होऊन सेकोलोगॅनिन तयार होतं. दोघं जोडले गेले की स्ट्रिक्टोसिडिन. त्याच्या अंगाला साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो. ती साखर काढली की गडी अस्वस्थ होतो, कुठंही वळायला तयार. कुठं वळायचं ते त्या त्या झाडाची विकरं, म्हणजे एन्झाइम, ठरवतात. सर्पगंधेत त्याचं रेसर्पिन होतं, अंगणातल्या सदाफुलीत व्हिन्क्रिस्टिन, सिंकोनात क्विनिन. आपल्या कळंबात मिट्राफायलिनसारखे अल्कलॉइड मिळतात, मिट्रागायनिन नाही. तेव्हा घरी जाऊन कळंबाची पानं चघळू नका, तोंड तेवढं कडू होईल!

क्राटोमच्या पानात चाळीसच्या वर अल्कलॉइड सापडलेत. स्पेसिओसिलिआटिन नावाचा एक तर मिट्रागायनिनचाच जुळा आहे: अणू तेच, बंध तेच, फक्त एका कार्बनवरचा हायड्रोजन उलट बाजूला. आणि प्रमाण? थाई पानांच्या एका अभ्यासात एकूण अल्कलॉइडपैकी ६६ टक्के मिट्रागायनिन निघालं, मलेशियन पानांत जेमतेम १२. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात वाढवलेल्या झाडात, २००९च्या अहवालानुसार, ते किरकोळच होतं. भर होता मिट्राफायलिनवर, म्हणजे जवळजवळ कळंबासारखा! जात चुकली की काय म्हणून डीएनए तपासला, तर झाड क्राटोमच. त्यामुळे 'क्राटोममध्ये अमुक असतं' असं कुणी छातीठोक सांगितलं की मी विचारतो, कुठल्या झाडात?

आता सातव्या कार्बनकडे येऊ. मिट्रागायनिनच्या त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसली की ७-हायड्रॉक्सीमिट्रागायनिन होतं. बदल एवढासाच, पण गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर ते मॉर्फिनच्या सुमारे १३ पट प्रभावी ठरलं. अफूच्या बोंडातल्या मॉर्फिनशी याचा सांगाडा अजिबात जुळत नाही, तरी मेंदूतल्या त्याच ग्राहीवर (रिसेप्टर, पेशीवरची रेणू बसायची जागा) ते जाऊन बसतं. ताज्या पानात ते नसल्यातच जमा. पान वाळताना थोडं तयार होतं, आणि मिट्रागायनिन पोटात गेलं की आपलं यकृत थोडं बनवतं. म्हणजे मजुराच्या अंगात ते हळूहळू, यकृताच्या वेगानं येतं.

बाजाराला एवढा धीर कुठला? अमेरिकेत याच ७-हायड्रॉक्सीच्या तीव्र गोळ्या निघाल्या आणि वेष्टनावर नाव झाडाचं. मिट्रागायनिनवर प्रयोगशाळेत ऑक्सिजन चढवून केलेल्या मालाला 'नैसर्गिक' म्हणणं मला तरी शुद्ध लबाडी वाटते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. थायलंडनं १९४३ साली या झाडावर बंदी घातली. तेव्हा सरकारला अफूवर कर मिळत होता आणि लोक स्वस्तातल्या पानाकडे वळत होते. ऑगस्ट २०२१मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीतून निघालं, घराजवळ झाड लावायला मोकळीक मिळाली. जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं निर्बंधांची शिफारस केली, ती पानावर नव्हे, ७-हायड्रॉक्सीच्या त्या तीव्र गोळ्यांवर.