पडल्यावर गाडीपर्यंत चालत जायचं

मंडळी, विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन आजोबांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. (हशा) मोटारसायकलवर बसून मारामारी करायचा कॉम्प्युटर गेम, आणि त्यावर व्याख्यान! पण मागे जे पस्तिशी-चाळिशीतले बसलेत ना, त्यांना नुसतं 'रोड रॅश' म्हणा, बोटं आपोआप बाणांच्या कळा शोधायला लागतील.

माझी त्याच्याशी गाठ पडली ती नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत. घरी सांगायचं, प्रोजेक्टची माहिती काढायला चाललोय. तासाला वीस रुपये, हेडफोनचा एक कान बंद. त्यामुळे गेममध्ये वाजणारी साउंडगार्डन या रॉक बँडची गाणी मी कित्येक महिने अर्धीच ऐकली. मूळ गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९९१ साली सेगाच्या मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रासाठी काढला. तो आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. आपण खेळलो तो थ्रीडीओ या तशाच दुसऱ्या यंत्रासाठी १९९४ मध्ये नव्याने बांधलेला, आणि १९९६ मध्ये विंडोजवर आलेला.

आता खरं बोलू. शर्यतीचा गेम म्हणून तो कच्चा आहे. गाडीला वजनच नाही. वळणावर ती वळते कमी, सरकते जास्त. रस्ता आणि डोंगर त्रिमितीत, पण स्वार आणि गाड्या म्हणजे सपाट चित्रं, जवळ आली की मोठी करून दाखवलेली. समोरचा ट्रक आधी काडेपेटीएवढा, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पडदाभर. अंतराचा अंदाज येतो तो आपटल्यावर. फटका कधी नीट बसतो, कधी हातातली चेन शेजारच्याच्या अंगातून आरपार गेल्यासारखी वाटते आणि तो मजेत पुढे.

मग दिवसचे दिवस आम्ही तिथे का बसायचो? माझं उत्तर थोडं विचित्र आहे. पडण्यासाठी.

इतर शर्यतींच्या गेममध्ये आपटलात की पडदा काळा होतो आणि गाडी पुन्हा रस्त्याच्या मधोमध, जसं काही झालंच नाही. इथे तसं नाही. तुम्ही हवेत उडता, डांबरावर लोळता, उठता, आणि पायी गाडीकडे निघता. गाडी पडलेली असते कुठेतरी लांब. तुमचा माणूस धावतोय, मधून वाहनं जातायत, एखादी पुन्हा उडवते. ज्याला आत्ताच लाथ घातली होती तो शेजारून भुर्रकन निघून जातो. आणि तेवढ्यात पोलीस पोचला, तर शर्यत तिथेच संपली, वर दंड. गंमत अशी की बक्षिसाचे पैसे साठवून 'डायाब्लो'सारखी जबर गाडी घ्यावी, तर वेग जास्त, म्हणून आपटल्यावर पायपीटही जास्त. लांबच्या लांब पायपीट ही श्रीमंतीची खूण! ज्यांनी पेट्रोल संपलेली लुना आपल्या द्वारका चौकापासून ढकलत नेलीय, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

शिवाय फेऱ्या नाहीत. तोच तो गोल ट्रॅक नाही, इथून निघायचं आणि तिथे पोचायचं. पाच रस्ते, ते पार केले की पुढची पातळी, आणि तेच रस्ते आणखी लांब. त्यात लढाईची खरी कला म्हणजे हत्यार हिसकावणं. समोरच्याने सोटा उगारला की नेमक्या त्या क्षणी हात घालायचा. जमलं तर त्याचाच सोटा त्याच्याच पाठीत. हे ज्याला जमायचं, त्याच्या खुर्चीमागे कॅफेत चार जण उभे राहायचे. मालकाला ते आवडायचं नाही, कारण चौघे फुकट बघत. मला कधीच जमलं नाही. मी लाथेवरच भागवलं: शेजारच्याला समोरून येणाऱ्या गाडीपुढे ढकलायचं. मरत मात्र कोणी नाही. सगळे उठतात, कपडेही न झटकता चालू लागतात.

त्या पाच रस्त्यांपैकी एकाचं नाव होतं 'नापा व्हॅली'. आम्ही ते 'नापास व्हॅली' वाचायचो, परीक्षेच्या दिवसांत तर आवर्जून. कॅलिफोर्नियातला वाइनचा मुलूख आहे तो, हे कुणाला ठाऊक? द्राक्ष म्हणजे आमच्यासाठी पिंपळगावची पेटी. पुढे गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या वाइन कंपनीचे मळे उभे राहिले, २००० साली त्यांची पहिली वाइन आली, आणि नाशिकला लोक भारताचं नापा म्हणायला लागले. तेव्हा मला एकदम आठवलं, अरे, या गावात तर मी शेकडो वेळा तोंडावर आपटलोय!

मागच्या दिवाळीत जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम पुन्हा चालवला. शेजारी बारा वर्षांचा भाचा. तिसऱ्याच वळणावर जीपला धडकलो, उडालो, आणि पडद्यावरचा माणूस उठून धावायला लागला. भाच्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "मामा, हँग झाला का? हा पायी कुठे चाललाय?"

म्हटलं, "गाडी आणायला."