तोआप्लान: गोळ्यांचा कारखाना

[दृश्य: आर्केड मशीनचं उघडलेलं पॅनल]

काचेमागे टीव्हीची नळी काटकोनात वळवून उभी बसवलेली आहे. विमानातून गोळ्या झाडत वर जायच्या शूटर खेळाला ही मांडणी लागते. शत्रू वर, विमान खाली, आणि मधली उंची जितकी जास्त तितका गोळी ओळखायला वेळ. तोक्योच्या तोआप्लान या गेम कंपनीनं आपलं बहुतेक कसब या उभ्या पट्टीत ओतलं.

आधी ऑर्का ही गेम कंपनी बुडाली, मग क्रक्स. तिथली माणसं तोआप्लानमध्ये आली. मासाहिरो युगे आणि तात्सुया उएमुरा प्रोग्रामिंगही करायचे आणि संगीतही.

[दृश्य: टायगर-हेली, 1985]

हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना लटकलेले बॉम्ब बघा. बटण दाबलं की फुटतात. पण शत्रूची गोळी बॉम्बला लागली तरी तो आपोआप फुटतो आणि आसपासचं साफ करतो. म्हणजे बॉम्ब तोच, ढालही तीच.

[दृश्य: तात्सुजिन, 1988. कवटीच्या आकाराचा स्फोट]

कवटी सगळ्यांच्या लक्षात राहते. आपण 'पी' लिहिलेल्या तुकड्यांकडे बघू. पाच गोळा केले की शस्त्र एक पायरी चढतं, पुढच्या पायरीला परत पाच. विमान फुटलं की शस्त्र आणि वेग दोन्ही मूळपदावर, आणि खेळ मागच्या टप्प्यापासून. शत्रू मात्र तितकेच. नवखा इथंच गळतो. एक लाइफ गेली की उरलेल्या तिच्या मागोमाग जातात.

[दृश्य: खेळाडूचा हात, जॉयस्टिक]

हात फारसा हलत नाहीये. गोळी नेम धरून येते, पण ती सुटली तेव्हा विमान जिथं होतं तिथंच. म्हणून जॉयस्टिकला टिचक्या मारायच्या. एकाच दिशेनं बोटभर सरकत गोळ्यांची रांग मागे लावायची, कडेला पोचायच्या आत रांगेत फट पाडून उलटं फिरायचं. घाबरून मोठी झेप घेतली की गोळ्या स्क्रीनभर विखुरतात आणि परतीची वाट बंद.

[दृश्य: स्नो ब्रदर्स, 1990]

हा खेळ आपल्याकडच्या पार्लरवाल्या पिढीला सांगायला नको. लाल बाटलीनं वेग, निळीनं जास्त बर्फ, पिवळीनं पल्ला. तोही याच लोकांचा.

[दृश्य: बात्सुगुनचा बोर्ड, क्लोजअप]

तोआप्लानचाच शूटर, 1993. इथं 68000 प्रोसेसर. आणि स्क्रीनवर चित्रं आणणारी जीपी9001 ही चिप एक नाही, दोन. ही सगळी ताकद गोळ्यांवर खर्च झाली आहे. पंख्यासारख्या उलगडत येणाऱ्या, स्क्रीन व्यापणाऱ्या गोळ्या. इतक्या गोळ्या सोडायच्या तर विमानाला गोळी लागण्याची जागा कमी करावीच लागते, नाहीतर फटीतून जाणार कोण? खास आवृत्तीत ती जागा आणखी आक्रसली. शिवाय शत्रू पाडले की अनुभवाचे गुण साठतात आणि शस्त्र पायरी चढतं. पुढे जगानं ज्याला डान्माकु, म्हणजे गोळ्यांचा पडदा, म्हणून डोक्यावर घेतलं, त्याची घडण या बोर्डावर झाली. टीममध्ये त्सुनेकी इकेदा होते. नाव झालं ते त्यांच्या पुढच्या कंपनीचं, केव्हचं.

[दृश्य: पार्लर, समोरासमोर बसलेले खेळाडू]

1991 ला स्ट्रीट फायटर 2 आला होता. दोघं लढतात, काही मिनिटांत एक हरतो, पुढचं नाणं पडतं. शूटरचा पट्टीचा खेळाडू एका नाण्यावर अर्धा तास मशीन अडवतो. खेळ अवघड करावा तर नवे येईनात. 31 मार्च 1994, तोआप्लान दिवाळखोरीत.

माणसं केव्ह, रायझिंग, ताकुमी, गॅझेल अशी पांगली. केव्हचा शूटर दोनपाची 1995 चा.

[दृश्य: आणखी एक बोर्ड]

हा रायझिंगचा, बॅटल बाक्राइड, 1999. चिपवरचा क्रमांक वाचा: जीपी9001.